मदत हवी आहे: झोके घेणारा रोबो पाइप पकडताना आपटतोय
मंडळी, कॉलेज प्रोजेक्टला गिबनसारखा (लांब हातांचं, झोके घेत फांद्यांवरून जाणारं वानर) लटकत जाणारा रोबो करतोय, दोन हात, मध्ये एकच मोटर, टोकांना हुक, जपानात नागोया विद्यापीठात रोबो-संशोधक फुकुदांच्या टीमने केलेला तसलाच पण गरिबांचा. झोका मस्त घेतो, पण पुढच्या पाइपवर हुक खाडकन आपटतो, आख्खा स्टँड हलतो, म्हणजे एनर्जी तिथेच वाया. गोम्स आणि रुइना या संशोधकांनी 2005 साली कॉम्प्युटर मॉडेलवर दाखवलंय की पकडायच्या क्षणी हाताचा वेग शून्य असला तर टक्करीत काहीच जात नाही. गिबनला जमतं, आमच्या सर्व्होला (म्हणजे त्या मधल्या मोटरला) कोण शिकवणार! तर मोटरने जोर कधी द्यायचा, झोक्याच्या तळाशी की वर चढताना? आणि जॉइंटवरचा एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) पुरेल की हुकजवळ जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) लावू? कोणी केलं असेल तर सांगा ना प्लीज.