तुमची सेवा कोणती? सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळींसाठी अनुभव धागा

सलाम मंडळी. आमच्या तरुण संघातल्या एका मुलीनं विचारलंय, "मला गाता येत नाही, माइक हातात दिला की घसा कोरडा पडतो, मग मी देवाची सेवा करायची कशी?" तिच्यासाठी हा धागा. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल शिकवणाऱ्याच्या बरोबरीनं देणाऱ्याचं आणि दया करणाऱ्याचंही नाव घेतो. आपण मात्र व्यासपीठावर दिसतो त्यालाच 'सेवेत आहे' म्हणतो. मला हे पटत नाही. म्हणून विनंती, तुम्ही प्रत्यक्ष काय करता ते लिहा. लहान-मोठं बघू नका. कुणाची नावं तेवढी घालू नका.

मिरजेची सिस्टर

मी मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकले, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या. नोकरी सगळी सोलापुरात झाली. निवृत्तीनंतर रेल्वे लाईन्सच्या बाजूला घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. बहुतेक शुगरचे पाय. आधी मुंग्या येतात, मग पायाला काही कळणंच बंद होतं. चपलेतला खिळा टोचला तरी पत्ता नसतो. जुनी पट्टी जखमेला चिकटलेली असते. ती ओढायची नाही, वरून सलाईन सोडायचं आणि आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात त्या माणसासाठी प्रार्थना करते. मग बोटांच्या बेचक्या बघायच्या, चिघळायला बऱ्याचदा तिथूनच सुरुवात होते. पाय काळा पडलेला दिसला, वास आला, अंगात ताप असला, तर मी घरी काही करत बसत नाही. रिक्षात घालते आणि सिव्हिलला नेते.

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते योहानाच्या तेराव्या अध्यायात आहे. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी ते वाचतात, मला ते वाचन वर्षभर पुरतं. घर कुठल्या धर्माचं आहे ते मी बघत नाही, आणि पायाला हात लावलाय म्हणून धर्माचं बोलतही नाही. कुणी आपणहून विचारलं तर मात्र मनापासून सांगते.

विडी घरकुल

आमची घरची भाषा तेलुगू. आईनं जन्मभर विड्या वळल्या. आता नजर गेली, हात थरथरतात. तिची सेवा म्हणजे मध्यस्थीची प्रार्थना. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी सगळी गल्ली पहाटेपासून जागी असते, आणि घागरी भरता भरता बायका आईला सांगून जातात. पोराला कारखान्यात घेऊ दे, सुनेची बाळंतपणात सुटका नीट होऊ दे. ती मला वहीत लिहायला लावते, मी रोज वाचून दाखवते, ती एकेका नावावर थांबते. काम झालं तरी नाव खोडू देत नाही. पुढं 'उपकार' असं लिहायला सांगते. त्या वहीत पद्मशाली आहेत, मुसलमान आहेत, आमच्या चर्चमधले तर आहेतच.

पेटीवाला

मी उपासनेत पेटी वाजवतो. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि ओवी सोडली नाही. म्हणून तर 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलं की आपल्या आजीलाही परकं वाटत नाही. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे येशूवरचं काव्य १९१९ साली त्यांच्या निधनानं अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं. नवरा-बायको दोघांची ही भक्तीच की! ज्यांना जिना उतरता येत नाही अशा म्हाताऱ्यांकडं मी रविवारी दुपारी पेटी घेऊन जातो. ते सांगतील ते पद, त्यांना झेपेल त्या पट्टीत. तरुण पोरांनो, कीबोर्ड जरूर वाजवा, पण आवाज इतका ठेवा की शेजारच्या आजीचा सूर ऐकू येईल.

खजिनदार

दानाची थैली एकट्यानं मोजायची नाही, दोघांनी मोजायची, आणि आकडा त्याच दिवशी फलकावर लावायचा. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, दान पोचवताना पौल एकट्यावर काम सोपवत नाही, कुणाला दोष काढायला जागा नको म्हणून. कोरडं काम आहे, पण मी ते प्रार्थना करूनच सुरू करतो.

हंगामाच्या सणाला माझी खरी कमाई होते. ज्वारीची कणसं, भोपळे, शेंगा, पाय बांधलेली कोंबडी, सगळं वेदीपुढं येतं आणि उपासना झाली की लिलाव. एका विधवा बाईनं रुमालात अंडी आणली होती. एकानं चढ्या बोलीनं घेतली आणि तिथंच परत दान केली. पुन्हा बोली, पुन्हा दान. शेवटी अंडी तिच्याच नातवाच्या हातात गेली, आणि दानाच्या वहीत मी पहिलं नाव तिचं लिहिलं.

सात रस्ता

आम्ही कॅथलिक. ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या शुक्रवारी मटण-मासे बंद. वाचलेल्या पैशातून सिव्हिलबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना भाकरी-पिठलं.

जुळे सोलापूर

वाचून बरं वाटलं आणि थोडं दुखलंही. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. मला चर्चला येऊन बरेच महिने झाले. 'विश्वासात थंड पडलीस' असं मला तोंडावर सांगितलं गेलं. त्यांना न्हाऊ घालणं, भरवणं, रात्री उठणं, यातलं काही कुठल्या यादीत बसत नाही.

धागाकर्ती

ताई, तीमथ्याला पहिल्या पत्रातला पाचवा अध्याय काढा. घरच्यांची काळजी घेणं हाच तिथं विश्वासाचा पुरावा धरलाय, आणि जो घेत नाही त्याच्याविषयी पौल फार कडक बोलतो. तुम्हाला थंड म्हणणाऱ्यांनी तो अध्याय आधी वाचावा. तुमची हरकत नसेल तर येत्या गुरुवारी घरगुती प्रार्थना तुमच्याकडंच घेऊ. चहाचं साहित्य आम्ही आणू, तुम्ही फक्त बसा. पेटीवाले भाऊ, येणार ना?

मिरजेची सिस्टर

मी पण येते. ताई, तोवर दर दोन तासांनी त्यांची कूस बदला, टाचांखाली उशी अशी द्या की टाच अधांतरी राहील. माकडहाडावर लालसर डाग दिसला तर चोळू नका, लगेच फोटो पाठवा. आणि दोघी-तिघींनी पाळी लावा, म्हणजे रविवारी ताईंना दोन तास उपासनेला निघता येईल. पहिला रविवार माझा.