मदत हवी आहे: फांद्यांवर तपकिरी टिकल्या, पानं चिकट, काय करू?

मधुरा_गॅलरी: जरा अर्जंट आहे. झाडाच्या फांद्यांवर आणि पानांच्या मागे शिरेला धरून तपकिरी टिकल्या चिकटल्यात, हलत नाहीत डुलत नाहीत, मला आधी वाटलं सालच तशी आहे. आता पानं चिकट झालीत, खाली फरशीवर चप्पल चिकटते आणि पानांवर काजळी धरल्यासारखं काळं आलंय. नर्सरीवाल्याने बुरशीनाशक दिलं ते मारलं, ढिम्म फरक नाही. शनिवारी गावाला जायचंय त्याआधी काहीतरी सांगा. आणि प्लीज 'झाड काढून टाका' कोणी म्हणू नका.

निंबोळ्या: निंबोळी तेल. डोळे मिटून.

आजोबांची_बाग: झाड कुठलं? कुंडीत की जमिनीत? मुंग्या दिसतात का? फोटो टाका.

मधुरा_गॅलरी: कुंडीत. फोटो अपलोड होत नाहीये, साइझ जास्त दाखवतंय. मुंग्या आहेत हो भरपूर, पण मुंग्यांचं काय विचारताय, त्या तर साखरेच्या डब्यातही असतात. मूळ प्रश्नाचं सांगा ना.

आजोबांची_बाग: मूळ प्रश्नाचंच विचारतोय ताई. ही खवले कीड. टिकली म्हणजे अख्खी मादी आहे, एकदा सोंड खुपसून बसली की जागची हलत नाही, नुसता रस ओढते. जास्तीचा गोड रस मागून बाहेर टाकते, तोच तुमच्या फरशीवर पडतोय. त्या गोडावर काळी बुरशी वाढते. म्हणजे काजळी हा रोग नाहीच, किडीचा उष्टा कारभार आहे, म्हणून बुरशीनाशकाने काही झालं नाही. आणि मुंग्या त्या गोडासाठी किडीची राखण करतात, ढालकिडे (लेडीबग) वगैरे ही कीड खायला आले की त्यांना हुसकतात. मुंग्या थांबल्याशिवाय बाकी सगळं निम्मंच काम.

बळीराजा_सांगोला: एवढं पुराण कशाला. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आणा, पाण्यात कालवून कुंडीत मुळाशी ओता, विषय संपला. आम्ही शेतात वापरतो. निंबोळी तेल वास घ्यायला बरं आहे.

निंबोळ्या: शेतातलं औषध गॅलरीत? शाब्बास. मधमाश्यांचं काय?

बळीराजा_सांगोला: चौथ्या मजल्यावर मधमाश्या मोजायला कोण बसलंय.

स्वयंपाकघरातून: आंबट ताक तांब्याच्या भांड्यात मुरवून फवारा, माझ्या सासूबाई सगळ्याला तेच करायच्या.

आजोबांची_बाग: ताकाने खवल्यांचं काही वाकडं होणार नाही हो, पाठीवर मेणाचा थर असतो. मधुराताई, झाड कुठलं ते अजून सांगितलं नाहीत.

मधुरा_गॅलरी: कढीपत्ता. सांगितलं नव्हतं का? गॅलरीत दुसरं काय असणार. इमिडाक्लोप्रिड ऑर्डर करतेय, किती घालायचं?

आजोबांची_बाग: थांबा थांबा! कॅन्सल करा. ते आंतरप्रवाही आहे, मुळांतून चढून पानात जातं, धुऊन निघत नाही. रोज फोडणीत टाकता ना ती पानं?

मधुरा_गॅलरी: रोज. बरं झालं विचारलंत. केली कॅन्सल.

बळीराजा_सांगोला: कढीपत्ता आहे हे आधी सांगायचं ना, मला वाटलं शोभेचं काही असेल. मग नका वापरू. पण बाजारातली जुडी काय गंगाजलावर वाढते का, ती खाताच ना.

निंबोळ्या: म्हणून तर लोक घरी लावतात साहेब.

फर्नवाली_डोंबिवली: मध्येच घुसतेय, सॉरी. माझ्या फर्नच्या पानांमागे पण असे तपकिरी ठिपके आलेत, अगदी रांगेत. मी टूथब्रशने घासतेय पण निघता निघत नाहीत. हीच कीड का?

आजोबांची_बाग: एकसारख्या अंतरावर, रांगेत, प्रत्येक पानामागे असतील तर ते फर्नचे बीजाणू. घासू नका बिचाऱ्याला. कीड इतकी शिस्तीत बसत नाही.

टिळक_रोड: गंमत म्हणजे लाख तयार करणारा किडा याच गोतावळ्यातला. बांगड्यांची, सील करायची लाख. रांचीला १९२४ पासून त्यावर संशोधन करणारी संस्था आहे.

स्वयंपाकघरातून: म्हणजे लाक्षागृह किडीचंच? दुर्योधनाने बराच खर्च केला म्हणायचा 😄

टिळक_रोड: आणि १८८८ साली कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबांच्या बागा अशाच एका पांढऱ्या खवले किडीने उद्ध्वस्त करत आणल्या होत्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातून लाल-काळे ढालकिडे आणून सोडले आणि वर्ष-दीड वर्षात कीड आटोक्यात आली.

मधुरा_गॅलरी: मी ऑस्ट्रेलियाला नाही, कराडला चाललेय. शनिवारी. कोणी ओळीने सांगेल का काय करू?

आजोबांची_बाग: सांगतो. आधी जास्त भरलेल्या फांद्या छाटा, कढीपत्ता छाटल्याने उलट फुटतो. छाट पिशवीत बांधून कचऱ्यात, कुंडीत पसरू नका. राहिलेल्या फांद्या जुना टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने घासा, पानांमागून विशेष. संध्याकाळी लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, त्यात थोडं भांड्याचं लिक्विड, नाहीतर तेल नुसतं वर तरंगतं, आणि ओथंबेपर्यंत फवारा. उन्हात मारलं तर पानं भाजतात. कुंडी भिंतीपासून सरकवून वीट घातलेल्या पाण्याच्या ताटात ठेवा, विटेवर कुंडी, मुंग्यांना वाट उरत नाही. पाणी कुंडीच्या बुडाला लागू देऊ नका, आणि डासांसाठी ते बदलत राहा.

निंबोळ्या: मी पहिल्याच ओळीत काय म्हटलं होतं?

आजोबांची_बाग: तुम्ही डोळे मिटून म्हणाला होतात, इथे डोळे उघडे ठेवून पानं उलटी करायची आहेत. आणि एकदा मारून भागत नाही. मादीच्या कवचाखाली अंडी असतात, तिथे तेल पोचत नाही. त्यातून बारीक पिल्लं निघून चालत नवी जागा शोधतात, तेवढ्याच दिवसांत ती कच्ची, बिनकवचाची असतात आणि तेल लागू पडतं. म्हणून आठ-दहा दिवसांनी परत, मग परत. युरिया वगैरे घालत असाल तर बंद करा, कोवळी लुसलुशीत फूट म्हणजे त्यांना आमंत्रण.

पुणेकर_काका: कढीपत्ता मायक्रोवेव्हमध्ये सुकवून बरणीत भरला की वर्षभर टिकतो.

मधुरा_गॅलरी: छाटला, घासला, फवारला. मुंग्या ताटाच्या कडेला फिरून जातायत. पण फांदीवर राहिलेल्या टिकल्या तशाच आहेत! म्हणजे फुकट गेलं का सगळं?

आजोबांची_बाग: मेल्या तरी गळून पडत नाहीत, कवच चिकटूनच राहतं. नखाने दाबून बघा. रस निघाला तर जिवंत, कोरडा भुसा निघाला तर मेलेली.

मधुरा_गॅलरी: बहुतेक भुसा. खालच्या बेचक्यात काही ओल्या निघाल्या, ईईई.

आजोबांची_बाग: त्या बेचक्यात कापसाने सर्जिकल स्पिरिट लावा, आधी एका पानावर लावून बघा. पाने खाण्याआधी काही दिवस जाऊ द्या आणि नीट धुऊन घ्या. शेजारच्या कुंडीत काय आहे?

मधुरा_गॅलरी: जास्वंद. तिची पानं पण चिकट आहेत पण ती तर आधीपासूनच आहेत.

आजोबांची_बाग: ताई!!

बळीराजा_सांगोला: जास्वंदीला इमिडा चालेल का मग? ती कोण फोडणीत टाकत नाही.

निंबोळ्या: झालं पुन्हा सुरू.