मदत हवी आहे: बकऱ्याच्या डोळ्यावर पडद्याच्या ऑपरेशनचा सराव

मंडळी, मी कोल्हापुरात नेत्रविभागात शिकतोय. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) ऑपरेशनचा सराव बकऱ्याच्या डोळ्यांवर चाललाय. मटणाला इथं काय तोटा! खाटीकमामा सकाळीच डोळे बर्फात ठेवतात, पण दुपारपर्यंत कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) दुधाळतो, आतलं काहीच दिसत नाही. बर्फ थेट लागल्यामुळं की उशिरामुळं?

खरी अडचण वेगळीच. आतलं जेल पडद्याला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की ओढलं की पडदाच फाटतो. वयस्क माणसात ते बहुधा आपोआप सुटलेलं असतं, कोवळ्या बकऱ्यात कुठलं! ट्रायमसिनोलोन (पांढऱ्या कणांचं स्टिरॉइड औषध) टाकलं की जेल पांढरं दिसतं, सुटत मात्र नाही. ते सोडवायची युक्ती कुणी सांगेल का?

सशाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या एका पट्ट्यापुरत्याच, म्हणून तो नको. डुकराचा माणसाच्या जवळचा, पण आणायचा कुठून?