मदत हवी आहे: शोमनशिप शनिवारी आणि कोकरू ब्रेसच होत नाही

मंजू_ओहायो
शनिवारी काउंटी फेअरमध्ये मुलीची शोमनशिप (जनावर हाताळून दाखवायची स्पर्धा) आहे. आज सोमवार. कोकरू मोरखी घातली की गुमान चालतं. मोरखी काढून नुसतं हनुवटीखाली धरलं की चार पावलं नीट, पाचव्याला अडून बसतं. आणि ब्रेस करायला गेली की एकतर मागे मागे सरकतं, नाहीतर पुढचे गुडघे टेकतं, मग हलायचं नाव नाही. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ बघून झाले, त्यातली कोकरं आधीच शिकून आलेली असतात. क्लबच्या बाई फेअरच्या गडबडीत आहेत, मेसेजला उत्तर नाही. इथे कुणाच्या मुलांनी फोर-एचमध्ये मेंढ्या दाखवल्या आहेत का? लवकर सांगा प्लीज. कुत्र्याला शिकवायच्या युक्त्या नकोत, त्या करून झाल्या.

सदाशिव_पेठी
ब्रेस म्हणजे दातांना लावतात ती तार ना? कोकराला कशाला?

मंजू_ओहायो
नाही हो काका. मुलीने कोकराच्या समोर उभं राहून त्याच्या छातीला गुडघा लावायचा आणि कोकराने उलट रेटा द्यायचा. रेटलं की त्याची पाठ आणि मांड्या कडक होतात, तेव्हा जज पाठीवर हात फिरवून मांस किती, चरबी किती ते बघतात. आमचं कोकरू रेटतच नाही, हाच प्रश्न आहे.

इतिहासवेडा
वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. फोर-एचची सुरुवात ओहायोतच झाली, १९०२ साली, क्लार्क काउंटीत. ए. बी. ग्रॅहम नावाच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळेतल्या मुलांचा क्लब काढला. मका लावा, मातीची परीक्षा करा, असलं काम. पुढे १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने कृषी विद्यापीठांची विस्तार सेवा उभी राहिली आणि हे क्लब तिच्या छत्राखाली आले. हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ असे चार एच, म्हणून चिन्ह चार पानांचं. निळी कॉर्डुरॉयची जाकिटं घालणारी मुलं दिसली तर ती एफएफएची (फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका), ती संस्था वेगळी, १९२८ ची.

मंजू_ओहायो
धन्यवाद. कोकरू अजून मागेच जातंय.

वैदेही_आयोवा
माझ्या दोन्ही मुलांनी बरीच वर्षं मेंढ्या दाखवल्यात, त्यामुळे विचारते. मार्केट लॅम्ब (मांसासाठी विकायचं) का ब्रीडिंग? वेदर (खच्ची केलेला नर) का मादी? वजन किती? मोरखीवर चालवायला कधीपासून सुरुवात केली? रोज कोण चालवतं? मुलगी हात नेमका कुठे धरते? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

मंजू_ओहायो
मार्केट. वेदर. सफोक क्रॉस, परवा १२८ पौंड भरला. हात हनुवटीखालीच, सगळे धरतात तसा. मोरखीवर मे महिन्यापासून.

धनंजय_जत
ताई, मी जत तालुक्यातला, आमच्याकडे माडग्याळ मेंढ्या. पोपटावानी बाकदार नाक, उंच, पांढऱ्यावर तांबडे ठिपके. आमच्या बाजूला पण जनावरं दाखवायला आणतात, नुसती शर्यत असती ठेवणीची. आटपाडीच्या बाजारात एका मेंढ्याला ७० लाखाला मागणी आल्याची बातमी २०२० ला सगळीकडं झालती. ह्यो गुडघ्याचा प्रकार आमच्यात नाही. एकानं कान धरायचा, एकानं कमरंला हात. तुमचं कोकरू अशक्त वाटतंय. मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड आणि म्हशीला देतो ती मिनरल पावडर रोज मूठभर द्या, आठवड्यात रेटा देतंय का नाही बघा.

गोठ्यातली_डॉक्टर
म्हशीची मिनरल पावडर अजिबात देऊ नका! परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकले, आता मिनेसोटात आहे, गोठेच बघते. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबं असतं. गाईला ते लागतं, मेंढीला तेवढंच तांबं विष ठरतं. तिच्या यकृतात ते साठत जातं, बाहेरून काही कळत नाही. मग ट्रेलरचा प्रवास, गर्दी, ऊन, असा ताण पडला की एकदम रक्तात उतरतं, तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट लाल होते आणि जनावर जातं. शेळीचं खाद्य, डुकराचं खाद्यसुद्धा मेंढीला घालू नये ते याचसाठी. फक्त पिशवीवर मेंढीसाठी लिहिलेलंच.

आणि मंजूताई, शनिवार तोंडावर असताना खाद्यात काहीच बदलू नका. अचानक धान्य वाढवलं की आंत्रविषार (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) होऊ शकतो. लस दिली आहे ना, आंत्रविषार आणि धनुर्वाताची? वेदर आहे म्हणून हेही विचारते, लघवी धारेने होते का थेंब थेंब? धान्यावर वाढवलेल्या वेदरमध्ये मूतखड्याचा त्रास फार. गुडघे टेकतो म्हणालात, तर खुरं उचलून बघा. खुरांच्या फटीत वास, ओल, काही आहे का? तोंडाभोवती खपल्या नाहीत ना? मावा (तोंडावर फोड-खपल्या आणणारा संसर्ग) असेल तर फेअरच्या दारातूनच परत पाठवतात. अंगावर गोल चट्टे असले तरी तेच. दोन्ही माणसाला लागतात, मुलीला हातमोजे घालायला सांगा.

धनंजय_जत
डॉक्टर मॅडम, आमच्या मेंढ्या तर तीच पावडर खात्यात, आजवर एक नाही मेली.

गोठ्यातली_डॉक्टर
दादा, तुमच्या मेंढ्या दिवसभर रानात चरतात, त्यात पावडर चिमूटभर. सफोक जातीला तांबं जास्तच बाधतं. तुम्हीसुद्धा बंद करा असंच सांगेन.

मंजू_ओहायो
लसी दिल्यात. लघवी ठीक. खुरं आज बघितली, स्वच्छ आहेत. तोंड, अंग सगळं स्वच्छ. औषधांचा फॉर्मही भरून झालाय. प्रश्न ब्रेसचा आहे.

हूजिअर_बाबा
गुडघा लावणंच चुकीचं शिकवतात हल्ली. आमच्या इंडियानात मुलं ढोपराने इतकं दाबतात की कोकराचे पुढचे पाय जमिनीवरून सुटतात, जज ओरडतात. चारही पाय जमिनीवर हवेत. कोकरू सरळ उभं करा, मान वर, पाय चौकोनात, बास. बाकी सगळा दिखावा.

वैदेही_आयोवा
बाबा, पाय उचलणं वेगळं आणि ब्रेस वेगळं. मार्केट लॅम्बमध्ये ब्रेस न करता उभं केलं की शेजारच्या रेटणाऱ्या कोकरापुढे पाठ मऊ लागते. जज तुमच्या तत्त्वाला मार्क देत नाहीत.

हूजिअर_बाबा
शोमनशिपमध्ये मार्क पोराला असतात, कोकराला नाही. पोरगं जजकडे बघतं का, कोकरू कायम जज आणि आपल्या मध्ये ठेवतं का, जज पुढून फिरले की बाजू बदलतं का, ते बघतात.

वैदेही_आयोवा
ते बरोबर. पण त्यातच ब्रेसही बघतात. मंजू, गुडघे टेकणं बहुतेक हातामुळे आहे. हनुवटीखाली म्हणजे गळ्यावर नाही ना? बोटं जबड्याच्या हाडाखाली हवीत, दुसरा हात कानामागे. गळा दाबला की श्वास अडतो, मग ते खाली बसतं. मान खाली गेली तरी बसतं. नाक थोडं वर, मुलीच्या पोटाच्या उंचीला ठेवायला सांग. आणि गुडघा छातीच्या टोकावर, खालच्या बाजूला नको.

साधा_माणूस
कुणीच विचारत नाही म्हणून विचारतो. फेअर झाल्यावर हे कोकरू जातं कुठे?

खादाड_खाऊ
१२८ पौंड म्हणजे मटणाचा छान हिशोब होतो. पाया सूपची पाकृ टाकू का?

मंजू_ओहायो
नको.

हूजिअर_बाबा
लिलावात जातं, दुसरं काय. गावातली बँक, ट्रॅक्टरवाले, दाताचे डॉक्टर बाजारभावापेक्षा जास्त बोली लावतात, पैसे पोराच्या कॉलेजला. जनावर कत्तलखान्यात. त्याला टर्मिनल सेल म्हणतात आणि नाव नोंदवतानाच आईबापाची सही घेतात.

साधा_माणूस
म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या पोरीला आधी लळा लावायचा आणि मग... कॅलिफोर्नियात शास्ताच्या फेअरमध्ये २०२२ ला काय झालं ते वाचा. नऊ वर्षांच्या मुलीने बोकड विकायचा नाही म्हटलं, आईने पैसे भरायची तयारी दाखवली, तरी शेरीफची माणसं शेकडो मैल गाडी हाकत गेली, बोकड घेऊन आली, तो मारला गेला. २०२४ मध्ये तडजोडीत तीन लाख डॉलर द्यावे लागले.

वैदेही_आयोवा
ती केस सगळ्यांना माहीत आहे आणि वाईटच झालं. पण तिच्यावरून प्रत्येक फेअर ठरत नाही. आमच्याकडे दरवर्षी ट्रेलरमागे रडारड असते, पुढच्या वसंतात तीच मुलं नवीन कोकरू घ्यायला रांगेत. माझा मोठा दोन दिवस जेवला नव्हता. आज तो मटण खातो आणि ते कुठून आलं हे त्याला माहीत असतं. आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

साधा_माणूस
हा युक्तिवाद कोकराला विचारून केलाय का?

सदाशिव_पेठी
आमच्याकडे शाकाहार आहे. शाकाहारी घरातल्या मुलांनी हे करावं का, यावर वेगळी चर्चा व्हायला हवी.

मंजू_ओहायो
वेगळा धागा काढा मग. मुलीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिने मुद्दामच त्याचं नाव 'बटाटा' ठेवलंय, आणि रेकॉर्ड बुकात खर्चाच्या रकान्याशेजारी 'विक्री' हा रकाना तिने स्वतः आखलाय. आम्ही घरी बोललोय, इथे बोलायचं नाहीये. हात तपासला. बोटं गळ्यावरच होती, वर घ्यायला सांगितली. गुडघे टेकायचं थांबलं. मागे जाणं तसंच आहे.

वैदेही_आयोवा
छान, अर्धं काम झालं. आता सांग, मागे जातं म्हणजे कुठल्या दिशेला? दरवेळी एकाच बाजूला का कुठेही?

मंजू_ओहायो
गेटकडे. दरवेळी.

वैदेही_आयोवा
गेटपाशी काय आहे?

मंजू_ओहायो
काही नाही. खाद्याची बादली टांगलेली असते.

वैदेही_आयोवा
आणि सराव कधी करता, खाणं व्हायच्या आधी की नंतर? आणि रोज कोण चालवतं हे तू अजून सांगितलेलं नाहीस.

मंजू_ओहायो
आधी. आमचं टाउनहाउस आहे, जागा नाही. बटाटा शेजारच्या गावात एका शेतकऱ्याच्या गोठ्यात आहे. मुलगी शाळा असताना शनिवार-रविवार जायची, सुट्टी लागल्यापासून संध्याकाळी. एरवी ते आजोबा खायला घालतात, तेही मोरखीनेच बाहेर काढतात.

गोठ्यातली_डॉक्टर
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर आपण सगळे सोमवारीच झोपलो असतो.

वैदेही_आयोवा
त्याला भूक लागलेली, बादली पाठीमागे, आणि मुलगी पुढून ढकलते. तो मागे नाही जात, तो जेवायला जातोय. उलटं करा. त्याचं नाक गेटकडे, मुलगी गेट आणि त्याच्या मध्ये. आता बादलीकडे जायला त्याला मुलीच्या गुडघ्यावरच रेटावं लागेल. रेटलं रे रेटलं की तिने दाब क्षणभर सोडायचा, पाठ थोपटायची, परत. पाच-दहा मिनिटंच, मग बादली द्यायची. जमलं की गेटपासून रोज थोडं लांब. त्यानेही नाही झालं तर एखाद्या बुटक्या ओट्यावर मागचे पाय कडेला येतील असं उभं करून हळूच मागे सारायचं. मागे जमीन नाही हे कळलं की ते आपसूक पुढे रेटतं. पण पडू देऊ नका.

हूजिअर_बाबा
ओटा नको, पाय मोडेल. उतारावर करा. तोंड चढाकडे, ढकलायचं उताराकडे. आम्ही तेच करायचो.

वैदेही_आयोवा
म्हणजे तुम्हीही ब्रेस शिकवायचात!

हूजिअर_बाबा
पोरांच्या हट्टापायी.

धनंजय_जत
बादलीचं ध्यानात आलं नाही बघा. आमच्यात पण मेंढा गव्हाणीकडंच वढतो.

मंजू_ओहायो
बुधवार. तोंड गेटकडे करून केलं. पहिल्यांदा मुलगीच मागे घसरली, इतका रेटला. मग तिने पाय मागेपुढे रोवले, तेव्हा पाठ अशी दगड झाली की मीही हात लावून बघितला. आज गेटपासून लांब नेलं तरी रेटतोय, दर वेळी नाही पण रेटतोय. आता जज काय विचारतात तेवढं सांगा पटकन. आणि कातरायचं उद्या का शुक्रवारी?

वैदेही_आयोवा
उद्या कातरा, शुक्रवारी धुवा. म्हणजे कात्रीचे पट्टे जरा बुजतात. गुडघ्याखालची लोकर ठेवा, ती फुलवतात. मग लायक्राची नळी (अंगावर घट्ट बसणारं ताणलं जाणारं कापड) घाला, नाहीतर रात्रीत भुसा माखून घेईल. पण दुपारच्या उन्हात नळी काढा आणि पंखा लावा.

प्रश्न साधे असतात. जात, वजन, खाद्यातलं प्रथिन किती टक्के, कानातला स्क्रेपीचा (मेंढ्यांच्या मेंदूचा रोग) बिल्ला कशासाठी, महागडं मांस कुठलं (पाठीचं, बरगड्यांचं आणि मांडीचं). मेंढीला पुढचे वरचे दात किती हा सापळा असतो, उत्तर एकही नाही. मेंढी पाच महिने गाभण राहते. आणि बटाट्यात काय सुधारणा हवी हे विचारतील. 'काही नाही' म्हणाली की गेली. कुठे कमी आहे ते तिने स्वतः सांगावं.

मंजू_ओहायो
त्याची यादी तिच्याकडे तयार आहे, मागची मांडी पहिली. थँक्यू वैदेही. डॉक्टर, तुम्हालाही.

खादाड_खाऊ
पाया सूप वेगळ्या धाग्यात टाकलंय. लिंक देत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

धनंजय_जत
ताई, ते कातरायचं मशीन तिकडं केवढ्याला मिळतं? दाजी डिसेंबरात येणार हायेत शिकागोहून. आमच्या विजेवर चालंल का?

हूजिअर_बाबा
चालणार नाही. इथलं १२० व्होल्टचं असतं.

सदाशिव_पेठी
ट्रान्सफॉर्मर लावला की चालतं. माझं मिक्सर तीस वर्षं चाललंय.

हूजिअर_बाबा
मिक्सर आणि शिअरिंग मशीन एक नाही काका. ५० हर्ट्झवर काही मोटर गरम होतात.