मदत हवी आहे: आरोपी निर्दोष सुटला, सरकार अपील करतं का?

सांगलीकर_मामा
भाचीच्या केसचा निकाल लागला, आरोपी सुटला. सरकारी वकील म्हणाले, ‘प्रस्ताव पाठवू’. आता फोन उचलत नाहीत. सरकार अपील करतं की आम्हीच करायचं? मुंबईचा वकील परवडणारा नाही. लेक्चर नको, काय करायचं तेवढं सांगा. अर्जंट.

निवृत्त_कारकून
सत्र न्यायालय की मॅजिस्ट्रेट? निकालाची तारीख? नकलेचा अर्ज दिलात का?

भंडाऱ्याची_सून
मनोधैर्य योजनेचे (पीडितेला सरकारी आर्थिक मदत) पैसे मिळाले का? आमच्याकडे एका केसमध्ये

भंडाऱ्याची_सून
अर्धवट गेलं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा म्हणत होते.

सांगलीकर_मामा
ताई, योजनेचं कुणी विचारलंय? बलात्काराची केस आहे, सत्र न्यायालयच असणार ना. निकाल गणपतीच्या आधी लागला. नक्कल आहे.

निवृत्त_कारकून
सरकारला ९० दिवस असतात, नकलेला लागलेला वेळ त्यातून वजा. नकलेच्या शेवटच्या पानावर शिक्का असेल: अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी. त्या तारखा आधी बघा. गणपतीवर मुदत मोजत नाहीत.

अ‍ॅड_काळा_कोट
सत्र न्यायालयाने सोडलं की अपिलाचा निर्णय राज्य सरकारचा, म्हणजे मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागाचा. जिल्ह्याचा सरकारी वकील फक्त मत देतो. वर सरकारला हायकोर्टाची परवानगीही लागते. पीडितेला ती लागत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मल्लिकार्जुन कोडगली निकालात सांगितलंय. कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३७२, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४१३. सरकारच्या तोंडाकडे बघत बसू नका.

म्हापशेकर
असहमत. खटला सरकारचा, अपीलही सरकारनेच करायला हवं. पत्रकार तरुण तेजपालवरच्या बलात्काराच्या खटल्यात मे २०२१ मध्ये आमच्या म्हापशाच्या कोर्टाने निर्दोष सोडलं, गोवा सरकार लगेच हायकोर्टात गेलं.

अ‍ॅड_काळा_कोट
तिथे देशभरचे कॅमेरे होते. इथे कोण धावतंय?

जुनी_पुस्तकं
अपील म्हणजे शिक्षा नव्हे. देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या केसमध्ये सत्र न्यायालयाने सोडलं, हायकोर्टाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. मग चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आंदोलनं झाली, तेव्हा कुठे १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला.

निवृत्त_कारकून
इतिहास नंतर. मामा, कोर्टाने का सोडलं?

सांगलीकर_मामा
वय शाबित नाही म्हणे. शाळेचा दाखला लावला होता, पण मुख्याध्यापकांना साक्षीला बोलावलंच नाही. शाळा [संपादित]

संपादक
शाळेचं नाव काढलं आहे. पीडितेची ओळख पटेल असं काहीही लिहू नका, तो गुन्हा आहे. खासगी निरोपातही विचारू नका.

अ‍ॅड_काळा_कोट
मुलगी अल्पवयीन होती? पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा)? मामा, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! अपिलाचा मुद्दा हाच. ग्रामपंचायतीतून जन्मनोंदीचा दाखला काढा, अपिलात ज्यादा पुराव्याची परवानगी मागता येते. फक्त एक लक्षात ठेवा, पुराव्याचे दोन अर्थ निघत असतील तर हायकोर्ट सहसा सुटका उलटवत नाही. वकील फुकट मिळेल. प्राधिकरणात महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. (भंडाऱ्याच्या ताईंनी पत्ता बरोबर दिला होता.)

पंचगंगा
आणि मुंबई कशाला? सांगलीची कामं १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत.

पुणेरी_तात्या
अवांतर: बेंच पुण्यालाच व्हायला हवं होतं.

पंचगंगा
तात्या, सगळं पुण्यालाच का हवं?

पुणेरी_तात्या
कारण खटले

संपादक
बेंचसाठी वेगळा धागा काढा.

सांगलीकर_मामा
सरकारी वकिलांकडून ‘अपिलायोग्य नाही’ असं मत गेलंय, आत्ता कळलं. संपलं का मग?

अ‍ॅड_काळा_कोट
नाही. ते मत विधी विभागावर बंधनकारक नाही आणि तुमचं अपील त्यावर अडत नाही. भाचीच्या आईच्या सहीने विभागाला अर्ज द्या, मुख्याध्यापकांच्या साक्षीचा मुद्दा त्यात लिहा, पोच घ्या. त्याच दिवशी प्राधिकरणात जा. उशीर झाला तर उशीरमाफीचा अर्ज जोडावा लागेल आणि एकेका दिवसाचं कारण द्यावं लागेल.

सांगलीकर_मामा
पोच म्हणजे शिक्का मारलेली झेरॉक्सच ना?

निवृत्त_कारकून
हो. आवक नंबरही घालून घ्या. नुसत्या सहीवर परत येऊ नका.