विषय : उत्तर – गावच्या उजाड माळावर झाडं लावण्यासाठी मंडळाची शिल्लक

दादा, नमस्कार.

मंडळाच्या शिल्लक पैशातून गावच्या उजाड माळावर झाडं लावायची आहेत, हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवा, असं तुम्ही लिहिलंत. माझी हरकत आहे.

तो माळ उजाड नाही. मे महिन्यात पाटोद्याकडं गेले होते तेव्हा अण्णांसोबत पहाटे तिथं फिरले. मारवेल, पवन्याचं गवत वाळून पिवळं झालेलं, सलवारीला कुसळं चिकटलेली. पुढ्यात धाविक पक्ष्याची जोडी तुरुतुरु पळत होती. अण्णांनी माझा दंड धरून थांबवलं. पावलाच्या वीतभर पुढं, उघड्या मातीत, मातीच्याच रंगाची दोन अंडी होती. ओळीनं खड्डे घेऊन तिथं गिरिपुष्पाची झाडं लावली, तर त्या जोडीनं जायचं कुठं? चंडोल, काळवीट, लांडगा, सगळ्यांना मोकळं रानच लागतं.

इथं परदेशात, व्हिक्टोरियात, नगरपालिकेनं आराखड्यात एखादा पट्टा संवेदनशील म्हणून दाखवला, की तिथं बांधकामाच्या, माती हलवण्याच्या आधी परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडं ग्रामपंचायतीच्या हातात इतकी ताकद नाही. गायरान सरकारी मालकीचं, नुसत्या ठरावानं ते कायमचं वाचत नाही. पण 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे. गावातली झाडंझुडपं, गवतं, जनावरं, पाखरं लोक जैवविविधता नोंदवहीत उतरवायची आहेत. त्याच कायद्याच्या कलम 37 खाली राज्य सरकार स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. ते मागायला आधी कागद हवा. आपल्या गावची नोंदवही मी पाहिली, गवताची पानं कोरीच आहेत. उद्या कुणी माळ 'पडीक' म्हणून मागितला तर ग्रामसभेनं काय दाखवायचं?

म्हणून पैसे नोंदवहीसाठी द्या. एक उन्हाळा, एक पावसाळा. वनस्पतिशास्त्राची एखादी विद्यार्थिनी आणि गावातले मेंढपाळ सोबत फिरतील. मेंढपाळांना त्या दिवसांची मजुरी मिळालीच पाहिजे, माहिती त्यांची आहे. मग 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वही मोठ्यानं वाचायची आणि माळावर खड्डे, मुरूम, भराव नको असा ठराव घ्यायचा.



ताई,

रोपांची ऑर्डर थांबवतो. माझे चुलते त्याच माळावर मेंढरं राखायचे, कोणतं गवत कोणत्या नक्षत्रात उगवतं हे त्यांना तोंडपाठ आहे. आज रात्री फोन लावतो. मजुरीचा अंदाज तेवढा पाठवा, रविवारी बैठकीत मीच मांडतो.