सल्ला हवा: तत्त्वज्ञान वाचायला सुरुवात कुठून करावी? (कोल्हापूर, विशीतली मंडळी)

रंकाळा_कट्टा:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं-पाच जण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर बसतो आणि हल्ली गप्पा पगार-पॅकेज सोडून भलतीकडेच जातात. शनिवारी केस का कापायचे नाहीत? अमावस्येला गाडी का घ्यायची नाही? आणि हे सगळं थोतांड म्हणणारा आमचाच मित्र पेपरला ठरलेलाच शर्ट का घालतो?

दुसरा विषय मोबाईल. अकराला ठेवायचा ठरवतो, दीडला हातातच असतो. कळतंय पण वळत नाही. रील्सवर स्टोइक लोकांचे (मनावर ताबा ठेवा म्हणणारे जुने ग्रीक-रोमन तत्त्वज्ञ) तुकडे येतात: पहाटे चारला उठा, गार पाण्यानं अंघोळ करा, भावना मारा. हे खरंच तत्त्वज्ञान आहे का? मराठीत काय वाचावं? आणि घरी भांडण न होता हे कसं जमवायचं तेही सांगा. आमच्याकडं माघातले जोतिबाचे खेटे (रविवारी डोंगरावर दर्शनाला जायच्या फेऱ्या) चुकवलेले चालत नाहीत.

गंगावेस_पैलवान:
नाद खुळा धागा भावा! पण पुस्तकं नंतर. आधी तालमीत ये. पहाटे वस्तादासमोर जोर-बैठका काढायला लागलास की रात्री दीडपर्यंत मोबाईल बघायची ताकदच उरत न्हाई.

निवृत्त_मास्तर:
पैलवान चेष्टेत बोलले, पण ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागात जवळपास हेच आहे. धीराची कामं करत करतच माणूस धीराचा होतो, नुसत्या व्याख्या ऐकून नाही.

'कळतंय पण वळत नाही' यावर तर ग्रीकांचा मोठा वाद आहे. सॉक्रेटिसचं म्हणणं, जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही. केलं म्हणजे नीट कळलंच नव्हतं. ॲरिस्टॉटलनं सातव्या भागात हा प्रश्न पुन्हा उकरला. इच्छेच्या भरात असलेल्या माणसाचं ज्ञान कसं असतं? दारू प्यालेला माणूस एम्पिडॉक्लिस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाची कवनं घडाघडा म्हणतो तसं. शब्द तोंडात, अर्थ जागेवर नाही. रात्री दीड वाजता 'झोप महत्त्वाची आहे' हे तुम्हाला त्याच पद्धतीनं ठाऊक असतं.

सुरुवात मात्र एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाच्या छोट्या हस्तपुस्तिकेपासून करा. इनमिन त्रेपन्न छोटी प्रकरणं. हा माणूस जन्मानं गुलाम. पुढं ग्रीसमधल्या निकोपोलिसला शाळा काढली. स्वतः काही लिहिलं नाही, ॲरियन नावाच्या शिष्यानं टिपून ठेवलं. समोर बसणारी पोरं तुमच्याच वयाची. चौतिसावं प्रकरण आधी वाचा: एखाद्या सुखाची ओढ लागली की लगेच धावू नका, थोडी मुदत मागून घ्या, मग दोन वेळा डोळ्यांसमोर आणा, उपभोगाची आणि नंतर स्वतःला बोल लावण्याची. मोबाईलसाठी याहून कामाचं मला तरी काही माहीत नाही.

इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट आहेत. तत्त्वज्ञांची थोडक्यात ओळख हवी तर मराठी विश्वकोशही फुकटच. पैसे खर्चायच्या आधी करवीर नगर वाचन मंदिरात चक्कर मारा. १८५० सालचं ग्रंथालय आहे, जुन्या मराठी पुस्तकांसाठी दुसरीकडं कुठं शोधणार?

बावड्याची_ताई:
मी समुपदेशनाचं काम करते म्हणून थोडं लांबण लावते.

'भावना मारा' हे रीलवाल्यांचं, स्टोइकांचं नव्हे. त्यांचा प्रश्न असा असतो की या भावनेमागं तू कोणती समजूत धरून बसलायस? माणसाला घटना नाही, घटनेबद्दलचं मत अस्वस्थ करतं, हे एपिक्टेटसचंच वाक्य अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आपल्या उपचारपद्धतीच्या पायाशी घेतलं. 'मला प्लेसमेंट मिळालीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी' यातला 'च' ते आधी पकडायचे. मराठीत डॉ. अंजली जोशींचं 'मी अल्बर्ट एलिस' आहे, चौघांत एक प्रत फिरवा.

रील्सनी पोरांचं एक नुकसान केलंय. संयम म्हणजे स्वतःला शिक्षा, असं डोक्यात बसलंय. एक दिवस चुकला की सगळंच सोडून देतात. एपिक्टेटस रागाबद्दल काय सांगतो बघा: आधी रोज चिडायचो, मग एकाआड एक दिवस, मग तीन दिवसांतून एकदा, असं मोजत जा; तीस दिवस गेले तर देवाला नैवेद्य दाखव. किती माणसाळलेली पद्धत आहे! आणि झोपच येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर पुस्तकात उपाय शोधत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

सत्यशोधक_४१६:
ग्रीस-रोम झालं असेल तर घरी या. दाभोलकरांचं 'विचार तर कराल?' वाचा, अमावस्या-शनिवारचं बघायला तेवढं पुरेल. मग आगरकरांचे निबंध, हक्क केव्हाच संपलेत. त्यांचा कोल्हापूरशी संबंध बऱ्याच पोरांना ठाऊक नसतो: इथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते.

आणि तुमच्या वयाचं उदाहरण पाहिजे तर पंचगंगा घाटावर जा. १८९९ साली तिथं स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्ताऐवजी (वेदांतल्या मंत्रांऐवजी) शूद्रांसाठीचे मानलेले पुराणोक्त मंत्र म्हणत होता. त्यावर शाहू महाराजांनी 'का?' विचारलं आणि प्रकरण पार राज्यभर पेटलं. महाराजांचं वय तेव्हा पंचवीस.

शेवटी बुद्धाचा कालाम नावाच्या लोकांना केलेला उपदेश. परंपरेनं आलंय, ग्रंथात आहे, गुरू सांगतो म्हणून मानू नका. विषय संपला.

माळकरी_कागल:
सत्यशोधकदादा, विषय तिथं संपत नाही. त्याच यादीत 'नुसत्या तर्काला पटतं म्हणूनही मानू नका' असंही आहे, ते तेवढं गाळतात सगळे. लोभ, द्वेष, मोह वाढतोय का ते स्वतः पारखा आणि जाणती माणसं काय म्हणतात तेही बघा, असा पुढचा भाग आहे. वादात घरच्यांना गप्प करून जो आनंद होतो तो या कसोटीला लावून बघा पोरांनो.

बहुमत बाजूला ठेवून स्वतःच्या मनाला साक्षी ठेवणारे आमचे तुकोबाच. आणि मन वाऱ्यासारखं आवरत नाही ही तक्रार अर्जुनानं गीतेच्या सहाव्या अध्यायात केलेलीच आहे. उत्तर काय, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास आधी सांगितलाय, लक्षात घ्या. खेट्याला आईबरोबर चालत जाऊन डोंगर चढलात म्हणून विचार करायची बुद्धी गहाण पडत नाही.

सत्यशोधक_४१६:
तर्काचा मुद्दा मान्य, माऊली. पण चालत जाणं वेगळं आणि 'नाही गेलास तर कोप होईल' ही भीती घालणं वेगळं. पोरांनी प्रश्न त्या भीतीला विचारावा, आईला नव्हे. वेद-परलोक न मानणारे जुने भारतीय विचारवंत, चार्वाक, तेही वाचा रे. साळुंखे सरांचं 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' आहे. चार्वाकांचे ग्रंथ उरले नाहीत, त्यांची मतं बरीचशी विरोधकांच्या पुस्तकांतूनच कळतात. त्यामुळं कोण कुणाबद्दल सांगतंय, हे तपासायची सवय आपोआप लागते.

रंकाळा_कट्टा:
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. शर्टवाल्याला धागा दाखवला, तो म्हणतो शर्ट नशिबाचा नाही, आरामाचा आहे 😄 आता कट्ट्यावर नेमकं काय करायचं? सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं की प्रत्येकानं वेगळं?

निवृत्त_मास्तर:
एकच. एका बैठकीला हस्तपुस्तिकेची दोन-तीन प्रकरणं, मोठ्यानं वाचून. मग प्रत्येकानं आपली एक समजूत मांडायची आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, उपदेश नाही. ज्याची समजूत त्यानंच ती ठेवायची की टाकायची ते ठरवायचं. शर्टापासून सुरू करा, सोपं आहे. आणि वाचलेलं घरी जाऊन ऐकवू नका. एपिक्टेटस म्हणतो, मेंढ्या किती चारा खाल्ला ते धनगराला आणून दाखवत नाहीत. पचवतात आणि लोकर-दूध देतात.

बावड्याची_ताई:
गटात मुली आहेत का रे? नसतील तर बोलवा. उपासतापास, विटाळ, 'मुलीच्या जातीला शोभतं का' या समजुती कोण मांडणार मग?

गंगावेस_पैलवान:
आणि बैठक साडेआठला संपवा. पहाटे पाचला तालीम हाय.